आबांचा मूळ फोटो

फोटो काढायला येणारा माणूस आतून घाबरलेला असतो. नाशिकरोडला छोटासा गाळा घेऊन स्टुडिओ सुरू केला, तेव्हा ही गोष्ट मला फार लवकर कळली. पासपोर्टवाल्याला अर्ज परत येईल याची भीती. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीला नकार येईल याची. बाळाच्या आईला बाळ रडेल याची, आणि बाळाला माझ्या लाइटवरच्या पांढऱ्या छत्रीची. कळवणच्या एका भाऊंनी नवा ट्रॅक्टर घेतला म्हणून मला थेट गावी नेलं होतं. फोटो झकास आले, पण ते बघून भाऊंचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, लय चकाकतोय. कुठंतरी एखादा काळा ठिपका टाका. सगळ्या भावकीला पाठवायचाय, नजर लागंल." मी बॉनेटच्या कोपऱ्यात ठिपका टाकून दिला. डाग वाढवून मागणारं गिऱ्हाईक मला आजवर एवढं एकच भेटलं. बाकी सगळी दुनिया डाग काढून घ्यायला येते.

डाग काढण्याला आमच्याकडे टचिंग म्हणतात. मी ते शिकले कलर लॅबमध्ये. तेव्हा रिळाचा जमाना होता. बारीक ब्रश आणि रंगाची बाटली घेऊन मी दिवसभर लोकांच्या मुरमांवर, देवीच्या व्रणांवर आणि मावश्यांच्या मिशांवर काम करायचे. हात चुकला तरी जीव घाबरा होत नसे, कारण निगेटिव्ह पाकिटात शाबूत असायची. दुसरी प्रिंट काढायची की झालं. आमचे लॅबचे शेठ म्हणायचे, प्रिंटचा चिवडा करा, पण निगेटिव्हला हात लावाल तर हात तोडीन. माणूस तोंडाळ होता, पण बोलत होता ते खरं होतं.

मग रीळ गेलं, लॅब बंद पडली आणि केस पिकायला लागलेल्या वयात मी नवशिकी झाले. मनमाडच्या एका फोटोग्राफरकडून जुना डिजिटल कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याशी माझं जमलं. घोडं अडलं ते कॉम्प्युटरवर टचिंग करायच्या सॉफ्टवेअरपाशी. जे सगळे मोठे लोक वापरतात ते दर महिन्याला भाडं भरून घ्यायचं. गाळ्याचं भाडं भरता भरता नाकी नऊ येत होते, त्यात हे दुसरं भाडं कुठून आणायचं? कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला, "मॅडम, मी फुकटात टाकून देतो, क्रॅक केलेलं. फक्त नेट लावायचं नाही." नेट लावलं तर काय होईल, असं मी विचारलं. तो नुसता हसला. त्याच्या हसण्याचीच मला इतकी धास्ती बसली की मी तो नाद सोडला.

उरली दोन. एक होतं फुकटचं, एका टिचकीत चेहरा लोण्यासारखा करणारं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना टिचकी मारली की "वा!" असा आवाज हमखास यायचा. ते केलेलं काम त्याच फोटोवर साठवून टाकायचं. जुना गेला, नवा राहिला, जागाही वाचली. दुसरं एकदाच थोडे पैसे भरून मिळणारं, दिसायला अगदी रुक्ष. ते मूळ फोटोला हातच लावत नसे. तुम्ही काय काय केलं, एवढंच ते वेगळं लक्षात ठेवायचं आणि पडद्यावर फोटो तसा दाखवायचं. गिऱ्हाइकाला द्यायची प्रत वेगळी काढावी लागायची, त्यात वेळ जायचा आणि डिस्क भराभर भरायची. नव्या माणसाला हे सगळं तोट्याचंच वाटतं. मलाही वाटलं. पण शेठचा निगेटिव्हवरचा दम कानात होता, म्हणून तेही विकत घेतलं. घाईचं, ढिगाचं काम फुकटच्यावर आणि मोठ्या प्रिंटचं काम रुक्षावर, अशी वाटणी मी करून टाकली.

त्या सुमाराला प्रकाशराव आणि अलकावहिनी आले. प्रकाशराव आमच्या जेलरोडकडचे, शाळेत शिक्षक. वडिलांची पंचाहत्तरी होती, हॉल घेतला होता, अल्बम हवा होता. सगळं ठरल्यावर प्रकाशराव पंख्याकडे बघायला लागले आणि वहिनी माझ्याजवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, "आबांना कोड आहे. तोंडावर आहे. फोटोत ते येऊ देऊ नका." आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच कारण सांगितलं. ऋतुजाचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्नाचं वय झालं होतं. अल्बम नातेवाइकांत फिरणार, फोटो ग्रुपवर जाणार. आजोबांचं कोड बघून कुणी म्हटलं असतं की यांच्या घरात हे आहे, तर पोरीला कोण विचारणार? कोड संसर्गाने पसरत नाही आणि मुलीला होईलच असंही नसतं, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं, त्या स्वतः सायन्सच्या पदवीधर. पण भीतीला पदवी कळत नाही. मी हो म्हटलं. कामच होतं ते माझं.

आबा म्हणजे मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेला उंच, हाडकुळा माणूस. मूळ नामपूरकडचे, त्यामुळे बोलणं अहिराणी. कोड त्यांना रिटायर झाल्यावर आलं. डाव्या डोळ्याभोवती एक पांढरं वर्तुळ, आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत दुधाचा ओघळ वाळल्यासारखा पट्टा. अलीकडे ते विसरायला लागले होते. कार्यक्रमात त्यांनी मला दोनदा विचारलं की लग्न कोणाचं आहे.

समारंभाच्या फोटोंचं टचिंग मी फुकटच्या सॉफ्टवेअरवर उरकलं, टिचकी, टिचकी, टिचकी. खुर्चीत बसलेला आबांचा एक मोठा फोटो भिंतीवर लावायला हवा होता, तो रुक्षावर सावकाश केला. ओठांचा रंग नीट जमवला, डोळ्याभोवतीचं वर्तुळ भरून काढलं. अल्बम न्यायला सगळं घर आलं, आबाही आले. वहिनींनी फ्रेम त्यांच्यासमोर धरली. आबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हाऊ कोन शे?"

सगळे हसले. ऋतुजाने त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, आबा, तुम्हीच आहात हे. मीही हसले. माझ्या कामाचं ते कौतुकच आहे असं मला वाटलं, आणि पुढे कितीतरी जणांना मी तो किस्सा सांगितला.

दिवाळी झाली. आमच्या धंद्यात दिवाळीआधी दुकानाबरोबर डिस्कही साफ करतात. ज्यांचे अल्बम घरी पोचले त्यांचे फोटो पुसायचे आणि लग्नसराईला जागा करायची. मीही दोन डिस्क साफ केल्या. मग तुळशीच्या लग्नाच्या आसपास, भर दुपारी, प्रकाशराव स्टुडिओत आले. दाढी वाढलेली, चपला वेगवेगळ्या. "आबा घरातून गेलेत," ते म्हणाले, आणि बाकावर बसले.

हळूहळू कळलं ते असं. आबा सकाळी फिरायला म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. पोलिसांत तक्रार झाली होती. भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढून घाईघाईत पोस्टर छापली होती आणि नाशिकरोड स्टेशन, सीबीएसचा बसस्टँड, पंचवटी, मनमाड जंक्शन, सगळीकडे लावून झाली होती. लोकांचे फोन येत होते, पण दुसऱ्याच म्हाताऱ्यांसाठी. दिवस जात होते. आणि त्या दिवशी सकाळी पोलीस चौकीतल्या हवालदाराने पोस्टर बघून सहज विचारलं होतं, "गुरुजी, तुम्ही तोंडी सांगितलं की त्यांना कोड आहे. मग या फोटोत कुठंय?"

मी विचारलं, पोस्टरवर खाली लिहिलं असेल ना? प्रकाशरावांनी मान खाली घातली. उंची लिहिली होती, शर्टाचा रंग लिहिला होता, स्मृती कमी आहे हेही लिहिलं होतं. "कोड लिहायला गेलो आणि हात थांबला, ताई. ते पोस्टर सगळ्या ग्रुपवर जाणार होतं. म्हटलं फोटो तर आहेच." मग ते म्हणाले, "घरात आबांचा एकही फोटो नाही, ज्यात ते आबांसारखे दिसतात. आधार कार्डावरचा जुना, कोड यायच्या आधीचा. मोबाइलवर आम्ही नेहमी उजवीकडूनच काढायचो. तुमच्याकडे आधीचा असेल ना?"

 लग्नातला नवरा रुसला, लाइट गेले, कॅमेरा पडला, असे सगळे प्रसंग मी पाहिलेत. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. आबा कुठेतरी थंडीत होते, लोक त्यांच्याकडे बघत होते आणि ओळखत नव्हते. जो चेहरा लोक शोधत होते तो माझ्या कॉम्प्युटरवर तयार झालेला होता. तसा माणूस जगात कुठेच नव्हता.

पंचाहत्तरीचं फोल्डर उघडलं. फोटो सगळे होते आणि सगळ्यांत आबा बिनडागाचे होते. प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला. हनुवटी गुळगुळीत, डोळा गुळगुळीत. टिचकीने मूळ फोटोवरच काम केलं होतं, खाली काही उरलंच नव्हतं. कॅमेऱ्याचं कार्ड तर तेव्हाच पुसून पुढच्या साखरपुड्याला वापरलं होतं. तेवढ्यात अलकावहिनी आणि ऋतुजाही येऊन पोचल्या. माझ्या मागे तिघं उभी. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते आणि मागून वहिनींचा श्वास ऐकू येत होता.

मग मला भिंतीवरचा फोटो आठवला. तो रुक्षावर केला होता. ते उघडलं. यादीत आबांचा चेहरा बोटाच्या नखाएवढा दिसला आणि जीव भांड्यात पडला. त्यावर क्लिक केलं तर पडद्यावर सूचना आली की मूळ फोटो जागेवर नाही.  हे सॉफ्टवेअर फोटो स्वतःच्या पोटात ठेवत नाही, डिस्कवर जिथे असेल तिथून वाचतं. फोटो होता एका काळ्या डिस्कवर, आणि दिवाळीत काळ्याच डिस्क मी साफ केल्या होत्या.

ऋतुजाने विचारलं, "पुसला का, काकू?"  

कपाट उघडून डिस्क बाहेर काढल्या. पहिली लावली, रिकामी. दुसरी लावली, रिकामी. प्रकाशराव म्हणाले, जाऊ द्या ताई, तुमचा काय दोष, आणि तेच मला जास्त लागलं. मी खाली बसून खणातल्या वायरी उपसायला लागले, कारण तिसरी एक डिस्क असल्याचं मला अंधुक आठवत होतं. ती चालताना कटकट आवाज करायची म्हणून दिवाळीत साफ न करता दुरुस्तीला द्यायची ठरवली होती, आणि आळसाने दिली नव्हती. ती सापडली जुन्या छत्रीच्या कापडात गुंडाळलेली. लावली. कटकट आवाज आला, थांबला, परत आला. वहिनी देव पाण्यात घालून बसल्यासारख्या डोळे मिटून पुटपुटत होत्या. मी स्वतः कधी कुठल्या देवाला फारसा त्रास देत नाही, पण त्या क्षणी त्या कटकटीला हात जोडले.

फोल्डर उघडलं. आबांचा फोटो पडद्यावर आला, माझ्या टचिंगसकट. सॉफ्टवेअरमध्ये सगळे बदल काढून टाकायचं एक बटण असतं. त्यावर बोट ठेवलं. डिस्क मध्येच बंद पडली असती तर हाही फोटो गेला असता. दाबलं. आधी डोळ्याभोवतीचं पांढरं वर्तुळ परत आलं, मग ओठ, मग हनुवटीवरचा पट्टा. आबा समोर येऊन बसले.

ज्या वहिनींनी ते कोड झाकायला सांगितलं होतं, त्यांनीच पुढे होऊन पडद्यावर, आबांच्या हनुवटीवर हात ठेवला आणि रडायला लागल्या. मीही रडले. तशीच रडत रडत प्रत काढली आणि दुसऱ्या दोन ठिकाणी साठवून ठेवली. डिस्क पुढच्याच आठवड्यात कायमची बंद पडली.

नवी पोस्टर त्याच संध्याकाळी छापली. या वेळी फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चेहऱ्यावर कोड आहे. पुढचे दिवस मी स्टुडिओ उघडायचे, पण कामात लक्ष लागत नसे. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. म्हाताऱ्या माणसाला एवढे दिवस बाहेर काय काय होऊ शकतं, ते मनात येऊ नये म्हणून मी जुन्या लग्नांचे अल्बम उगाच परत परत लावत बसायचे.

फोन आला तो मनमाडहून. प्रकाशराव तिथे नवी पोस्टर लावायला गेले होते. फलाटाबाहेर एक बाई चहाची गाडी लावते. तिने कागद हातात घेतला आणि म्हणाली, हे बाबा का, हे तर पलीकडे शेडमध्ये झोपलेत. आबा होते. ताप होता, दाढी वाढली होती, पाय सुजले होते, पण होते. मनमाडला पोचायचं एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं असावं. वर्कशॉपच्या भोंग्याची वेळ झाली की ते उठून उभे राहायचे, असं ती बाई म्हणाली. तीच त्यांना सकाळ-संध्याकाळ चहा आणि पाव द्यायची.

तिचं पुढचं बोलणं प्रकाशरावांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी तिला विचारलं होतं, मावशी, आमचं पहिलं पोस्टर इथेच तर होतं, तुमच्या गाडीसमोरच्या खांबावर. तुम्ही फोन का नाही केला? बाई म्हणाली, "अहो दादा, बाबा रोज त्याच खांबाला टेकून बसायचे. वर कागद आन खाली ते. मी दोनदा बघितलं. कागदावरच्या माणसाला कोड नव्हतं, मंग मी कसं म्हणू ह्येच ते?"

ही गोष्ट मी ऐकली तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. एक माणूस स्वतःच्या फोटोखाली बसलेला आहे. येणारे-जाणारे दोघांकडे बघतात आणि पुढे जातात.

आबा बरे झाले. त्यानंतर घरी सगळ्यांत राहिले आणि गेल्या वर्षी घरच्या खाटेवरच गेले. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे तो दुसऱ्या पोस्टरवरचा.

आता कॅमेरा शिकणारी मुलंमुली माझ्याकडे येतात आणि विचारतात, काकू, स्वस्तातलं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? मी नाव सांगत नाही, नावं दरवर्षी बदलतात. मी विचारते की त्यात मूळ फोटो कुठे राहतो ते आधी बघितलंत का? मुलं म्हणतात, काकू, त्यात एआय आहे, बॅकग्राउंड आपोआप जातं. माझी भीती तर आता वाढलीच आहे, कारण हल्लीचे मोबाइल फोटो काढतानाच चेहरा गुळगुळीत करून मोकळे होतात. परत आणायला खाली काही शिल्लकच नसतं. मी माझ्या आईचा एक फोटो मोबाइलमध्ये शोधला, तिच्या कपाळावरची जुनी खोक दिसेल असा. सापडला नाही. दुसऱ्याच दिवशी तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. ती पावडर शोधत होती. मी म्हटलं, राहू दे ती पावडर.

यंदा श्रावणात अलकावहिनी ऋतुजाला घेऊन आल्या. तिला नोकरी लागली आहे आणि स्थळं बघणं पुन्हा सुरू झालं आहे. बायोडाटाला फोटो हवा होता. ऋतुजा खुर्चीत बसली, मी लाइट लावला, आणि तिच्या उजव्या पापणीशी मला एक ठिपका दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा. मी वहिनींकडे पाहिलं. त्या पंख्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, तेवढं काढून टाका. मला सगळं कळतं. तरी काढा."

 एवढं सगळं भोगलेल्या बाईला मी काय शिकवणार? मी फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि ठिपका भरायला लागले. ऋतुजा उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "काकू, मूळ फोटो ठेवाल ना? मी हरवले तर लागेल."